खिशात पैसे नाहीत, पण भूत हवंय: हॉरर ट्रेलरची गोष्ट

हेडफोन लावून ऐकणार असाल तर आज आवाज जरा कमी ठेवा, कारण विषय भीतीचा आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग इथे लिहून ठेवलाय.

कॉलेजच्या फिल्म फेस्टिव्हलला कधी गेला असाल, तर हा ट्रेलर तुम्ही नक्की पाहिलाय. काळा पडदा. नळातून टपटप पडणारं पाणी. मग मोबाईलच्या टॉर्चचा उजेड, हलत हलत जिन्यावरून वर जाणारा. कुणाचा तरी श्वास. "कोण आहे तिकडे?" मग एकदम शांतता. आणि धाडकन आवाज, तोंडावर केस सोडलेली मुलगी, लाल अक्षरांत सिनेमाचं नाव. चार मित्र, एक फोन, होस्टेलचा जिना, आणि बजेट म्हणाल तर सगळ्यांच्या वडापावचं बिल.

आता यात हसण्यासारखं काही नाही बरं का. कारण हे सगळं कुठून तरी आलंय. अंधार का? कॅमेरा हलतो का? जागा एकच का? राक्षस दिसतच नाही, असं का? आज आपण याला हॉररचे 'संकेत' म्हणतो, म्हणजे प्रेक्षकाला न सांगता कळणाऱ्या खुणा. दार करकरलं की आपण सावरून बसतो, ही अशीच एक खूण. पण यातल्या बऱ्याच खुणा कुणीतरी गरजेपोटी शोधल्यात. पैसे नव्हते, दिवे नव्हते, नट पळून गेले होते, म्हणून काहीतरी जुगाड केला आणि तो इतका जमला की पुढच्या पिढीने त्याला नियम मानलं. आजची गोष्ट त्या जुगाडांची आहे. आणि त्यातल्या एका जुगाडाची किंमत कुणी मोजली, त्याचीही.

भीती विकायची कशी?

सुरुवात करूया अमेरिकेत, १९५८ साली. विल्यम कॅसल नावाचा एक निर्माता-दिग्दर्शक होता. त्याचा 'मकॅब्र' हा चित्रपट काही फार भयंकर नव्हता. मग त्याने काय केलं? चित्रपट बघताना भीतीने मेलात तर एक हजार डॉलरचा विमा, असं जाहीर केलं आणि प्रेक्षकांच्या हातात विम्याचे कागद ठेवले. पुढच्या वर्षी 'द टिंगलर'साठी त्याने काही थिएटरांत खुर्च्यांखाली छोट्या मोटारी बसवल्या. ठरलेल्या क्षणी खुर्ची थरथरायची आणि थिएटर किंचाळायचं. कॅसलला एक गोष्ट पक्की कळली होती: भीती पडद्यावर सुरू होत नाही, ती तिकीट काढायच्या आधीच डोक्यात सुरू होते.

१९६० साली आल्फ्रेड हिचकॉकने 'सायको'चा ट्रेलर केला. सहा मिनिटांहून मोठा. त्यात हिचकॉक स्वतः मोटेलच्या आणि त्या घराच्या सेटवर फिरतो, टुरिस्ट गाईडसारखा. इथे काहीतरी घडलं, तिथे काहीतरी घडलं, आणि प्रत्येक वेळी सांगता सांगता थांबतो. शेवटी बाथरूमचा पडदा बाजूला करतो आणि किंकाळी. गंमत म्हणजे तिथे दिसणारी बाई जॅनेट ली नव्हेच, ती व्हेरा माइल्स. म्हणजे अख्ख्या ट्रेलरमध्ये चित्रपटातलं गुपित एक थेंबही सांडलं नाही. रिकामी खोली आणि बोलणारा एक माणूस, एवढ्यावर काम झालं.

हे दोघे मात्र धंद्यात मुरलेले लोक. ज्यांच्याकडे स्टुडिओच नाही, त्यांनी काय करायचं?

पिट्सबर्गचं चॉकलेट सिरप

१९६७ साली पिट्सबर्ग शहरात जॉर्ज रोमेरो आणि त्याचे मित्र जाहिराती आणि छोट्या फिल्म्स बनवत होते. हॉलिवूडपासून हजारो मैल लांब. दहा जणांनी प्रत्येकी सहाशे डॉलर काढले, सहा हजार जमले आणि सिनेमा सुरू झाला. पुढे आणखी पैसे मिळाले आणि एकूण खर्च झाला साधारण एक लाख चौदा हजार डॉलर. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८.

आता यातली प्रत्येक गोष्ट बघा. कृष्णधवल का? स्वस्त पडतं. रक्त कशाचं? चॉकलेट सिरपचं, कारण काळ्यापांढऱ्यात ते रक्तासारखंच दिसतं. बहुतेक गोष्ट एकाच घरात का? कारण एक पडकं शेतघर हाताशी होतं. बाहेर मुडदे, आत अडकलेली माणसं, दारं-खिडक्यांना ठोकलेल्या फळ्या. आज ज्याला आपण झोंबी सिनेमाचा साचा म्हणतो, तो साचा त्या घरात तयार झाला. आतल्या माणसांची आपापसातली भांडणं बाहेरच्या मुडद्यांइतकीच जीवघेणी, हेही तिथूनच आलं. भांडायला खर्च येत नाही ना!

याच चित्रपटाने एक कडू धडाही दिला. वितरकाने शेवटच्या क्षणी नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे चित्रपट थेट सार्वजनिक मालकीचा झाला. कुणीही दाखवला, कुणीही विकला. जगभर गाजलेल्या चित्रपटाचे हक्काचे पैसे बनवणाऱ्यांच्या हातून निसटले. एका ओळीपायी.

महाबळेश्वरचं गेस्ट हाऊस

आता आपल्याकडे या. एफ. यू. रॅमसे यांचं मुळात रेडिओचं दुकान होतं, आधी कराचीत आणि फाळणीनंतर मुंबईत. सिनेमाच्या नादात त्यांनी १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला. तो पडला. पण त्यांच्या मुलांनी थिएटरात बसून एक गोष्ट टिपली. त्यात एक प्रसंग होता: भयानक मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर संग्रहालयात चोरी करायला शिरतात. तेवढ्या प्रसंगाला लोक सरसावून बसत. बाकी चित्रपट पडला तरी चालेल, हा एक तुकडा चालतो, हे मुलांनी ओळखलं. मग वडिलांना म्हणाले, अख्खा चित्रपटच असा काढूया.

रॅमसे बंधू सात. कुणी लिहायचं, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी ध्वनी, कुणी संकलन. दिग्दर्शनाला तुलसी आणि श्याम. कुठल्या फिल्म स्कूलमध्ये गेले नव्हते. जोसेफ मॅसेली यांचं छायाचित्रणावरचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन वडिलांनी सगळ्यांना काश्मीरला हाउसबोटीत नेलं आणि तिथे ते शिकले, असं हे कुटुंब सांगत आलंय. आज तुम्ही यूट्यूबवर ट्युटोरियल बघता ना, त्याचीच ही जुनी आवृत्ती.

१९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. चित्रीकरण महाबळेश्वरच्या सरकारी गेस्ट हाऊसमध्ये. सेट लावायचा खर्च नाही, धुकं फुकट, झाडी फुकट. युनिट म्हणजे घरचीच माणसं, स्वयंपाकसुद्धा घरच्या बायकांकडे. खर्च साधारण साडेतीन लाख रुपये, तोही त्या काळच्या हिंदी सिनेमाच्या मानाने अगदीच चिल्लर. आणि तो चालला! पुढे 'पुराना मंदिर', 'पुरानी हवेली' अशी रांग लागली. हवेली, तळघर, वादळी रात्र, गावकऱ्यांचा इशारा न ऐकणारे शहरी तरुण, हे हिंदी हॉररचे संकेत त्यांनी रुजवले. ब्रिटिश हॅमर कंपनीच्या चित्रपटांचं वळण त्यात दिसतं, पण धुकं आपल्या सह्याद्रीचं.

दोन डॉलरचा मुखवटा

१९७८ साल. जॉन कारपेंटर, कॅलिफोर्नियात फिल्म स्कूलमध्ये शिकलेला. हातात तीन लाख डॉलरच्या आसपास. 'हॅलोवीन' या चित्रपटातला खुनी मायकल मायर्स एक पांढराफटक, भाव नसलेला मुखवटा घालतो. तो मुखवटा आला कुठून? दुकानात दोनेक डॉलरला मिळणारा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा. भुवया काढल्या, पांढरा रंग फवारला, झालं. गोष्ट शरद ऋतूतली, पण चित्रीकरण वसंतात. मग पानगळ दाखवायला रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची आणि पुढच्या गल्लीत परत पसरायची.

संगीतकाराला द्यायला पैसे नव्हते, म्हणून कारपेंटरने संगीत स्वतःच केलं. पाच मात्रांचा ठेका, पियानोवर तेच तेच स्वर. आपल्या कानाला चारची सवय असते, पाचव्या मात्रेला पाय अडखळतो. कुणीतरी मागून चालत येतंय आणि त्याचं पाऊल आपल्याशी जुळत नाही, असं काहीसं वाटतं. ट्रेलर बनवणाऱ्या प्रत्येकाने एकदा डोळे मिटून ते ऐकावं. चित्र नसतानाही भीती वाटते.

फळीवरचा कॅमेरा

आणि आता आजच्या भागाचे खरे नायक. मिशिगनमधली तीन पोरं: सॅम रेमी, रॉबर्ट टॅपर्ट आणि ब्रूस कॅम्पबेल. वय विशीच्या आसपास. लहानपणापासून सुपर-८ कॅमेऱ्यावर विनोदी फिल्म्स बनवणारी. त्यांना मोठा चित्रपट काढायचा होता. पण पैसे मागायचे कुणाकडे आणि दाखवायचं काय? नुसती पटकथा घेऊन गेलात तर कुणी दारात उभं करत नाही.

मग १९७८ साली त्यांनी एक नमुना बनवला: 'विदिन द वूड्स'. अर्ध्या तासाचा, सुपर-८ वर, सुमारे सोळाशे डॉलरमध्ये, एका शेतावर. हा काही आजच्या अर्थाने दीड मिनिटाचा ट्रेलर नव्हता, पण काम ट्रेलरचंच होतं. फरक एवढाच की तो प्रेक्षकांसाठी नव्हता, गुंतवणूकदारांसाठी होता. हॉररच का निवडलं? कारण हिशेब साधा होता: छोट्या बजेटच्या हॉररला तरुण प्रेक्षक मिळतो आणि नामवंत नट लागत नाहीत. तीन पोरं ही फिल्म घेऊन डेट्रॉइटच्या परिसरातल्या दंतवैद्यांना, वकिलांना, ओळखीच्या धंदेवाल्यांना भेटत फिरली. हळूहळू पैसे जमले.

१९७९च्या हिवाळ्यात टेनेसीमधल्या मॉरिसटाउनजवळ एका ओसाड लाकडी घरात 'द इव्हिल डेड'चं चित्रीकरण सुरू झालं. थंडी इतकी की शेवटी शेवटी ऊब मिळावी म्हणून तिथलं सामानसुमान जाळलं. नटांच्या डोळ्यांत जाड पांढऱ्या लेन्स, त्यातून काही दिसायचं नाही. रक्त म्हणजे मक्याचा पाक, खायचा लाल रंग आणि कॉफीत घालायची पावडर. काम लांबलं आणि बरेच नट निघून गेले, मग उरलेल्यांनी त्यांचे हात, त्यांचे पाय, त्यांची पाठ म्हणून कामं केली.

आणि राक्षस? तो दाखवायला पैसे कुठे होते? मग रेमीने राक्षसाला दाखवलंच नाही. राक्षसाच्या डोळ्यांनी आपल्याला दाखवलं. एका लांब लाकडी फळीच्या मधोमध कॅमेरा बसवला, दोन टोकं दोघांनी धरली आणि जंगलातून पळत सुटले. कॅमेरा जमिनीलगत, झाडांमधून, फांद्या ओलांडत घराकडे झेपावतो. त्या काळात कॅमेरा हलू नये म्हणून स्टेडीकॅम नावाचं महागडं यंत्र मिळायचं. यांच्याकडे फळी होती. शॉट थोडा डगमगतो, पण त्या डगमगण्यातच जीव आहे. वाटतं, काहीतरी जिवंत येतंय.

१९८१च्या ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटच्या रेडफर्ड थिएटरात पहिला खेळ झाला. पुढच्या वर्षी कानच्या महोत्सवाच्या वेळी लेखक स्टीफन किंगने तो पाहिला, भरभरून लिहिलं, आणि ते कौतुकच जाहिरातीत वापरलं गेलं. सोळाशे डॉलरच्या नमुन्यापासून निघालेला रेमी पुढे 'स्पायडर-मॅन'पर्यंत पोहोचला, हे तुम्हाला माहीतच आहे.

बंदीपासून परीक्षेपर्यंत

इथे इतिहासाने एक मजेशीर वळण घेतलंय. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घरोघरी व्हिडिओ आला आणि वर्तमानपत्रांनी बोंब मारली की या हॉरर कॅसेट मुलांना बिघडवतायत. त्यांना नाव पडलं 'व्हिडिओ नॅस्टीज'. पोलिसांनी दुकानांवर छापे घातले, खटले झाले, आणि त्यात 'द इव्हिल डेड'सुद्धा होता. १९८४ साली व्हिडिओसाठी वेगळा सेन्सॉर कायदाच आला.

आणि त्याच ब्रिटनमध्ये २००८पासून ओसीआर या परीक्षा मंडळाच्या 'मीडिया स्टडीज'च्या अभ्यासक्रमात सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना एक पर्याय मिळाला: नव्या चित्रपटाचा टीझर ट्रेलर बनवा, जोडीला पोस्टर, मासिकाचं मुखपृष्ठ किंवा वेबसाइटचं पहिलं पान करा, आणि मग समजावून सांगा की खऱ्या ट्रेलरचे संकेत तुम्ही कुठे वापरले, कुठे पुढे नेले, कुठे मोडले. म्हणजे ज्याच्या कॅसेटी जप्त होत होत्या, त्याच प्रकारच्या सिनेमाचं व्याकरण आता मार्कांसाठी! आणि शाळेच्या मुलांना हॉरर परवडायचं कारण तेच, जे रेमीचं होतं. एक जंगल, एक हुडी, मित्राचा कॅमेरा. आपल्याकडे मास मीडियाच्या वर्गांतही प्रोजेक्टचा विषय निघाला की पहिला हात हॉररसाठीच वर होतो, त्याचंही मूळ हेच.

तो परीक्षेतला प्रश्न मात्र मला फार आवडतो. वापरलं, पुढे नेलं की मोडलं? कारण नुसती नक्कल केली तर केसवाली मुलगी तुमच्या जिन्यावरही येते, पण कुणी दचकत नाही. ती १९९८ साली जपानच्या 'रिंगू'मध्ये विहिरीतून, टीव्हीच्या पडद्यातून बाहेर आली तेव्हा दचकले होते.

चकवा

आता सगळ्यात मोठा जुगाड. फ्लोरिडातल्या विद्यापीठात सिनेमा शिकलेले दोन मित्र, डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ. त्यांनीही आधी आठेक मिनिटांचा एक नमुना बनवला, गुंतवणूकदारांसाठी. तो माहितीपटासारखा होता: तीन विद्यार्थी जंगलात एका चेटकिणीवर फिल्म करायला गेले आणि परत आलेच नाहीत, फक्त त्यांचं फुटेज सापडलं. १९९७ साली तो अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात दाखवला गेला आणि लोक विचारू लागले, हे खरं आहे का?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवस चित्रीकरण झालं. हेदर डॉनह्यू, मायकल विल्यम्स आणि जोशुआ लेनर्ड, तिघांची पात्रं त्यांच्याच खऱ्या नावांची. संवाद लिहिलेले नाहीत. कॅमेरे त्यांच्याच हातात. दिग्दर्शक लांबून मागावर. दिवसाच्या सूचना डब्यांत ठेवलेल्या. रात्री तंबूबाहेर आवाज करून घाबरवायचं, आणि दिवसागणिक खायला कमी द्यायचं, म्हणजे चिडचिड खरी होईल. भूमिकेतून बाहेर यायचं असेल तर 'टॅको' हा परवलीचा शब्द ठरलेला.

चित्रपटात एक प्रसंग आहे. तिघं दिवसभर एकाच दिशेने चालतात आणि संध्याकाळी जिथून निघाले तिथेच येतात. कोकणात कुणालाही विचारा, तो म्हणेल, अरे, हा तर चकवा लागला! रात्री पायवाट विसरायला लावणारा, गोल गोल फिरवणारा चकवा आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलाय. राक्षस नाही, रक्त नाही, फक्त वाट हरवली. यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा जुनी भीती नाही.

१९९९च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात 'हे तिघं बेपत्ता आहेत' अशी पत्रकं वाटली गेली. वेबसाइटवर खोट्या पोलिसी नोंदी, खोटी छायाचित्रं. इंटरनेट तेव्हा नवं होतं, वेबसाइटवर आलेलं खोटं असेल असं पटकन कुणाच्या मनात यायचं नाही. आर्टिझन कंपनीने चित्रपट अकरा लाख डॉलरच्या आसपास घेतला. काही हजार डॉलरमध्ये चित्रित झालेल्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने जगभरात सुमारे पंचवीस कोटी डॉलर कमावले.

आणि त्या तिघांचं काय झालं? भ्रम टिकावा म्हणून त्यांना प्रसिद्धीपासून लांब ठेवलं गेलं. स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या यशाच्या वेळी ते कागदोपत्री 'मृत' होते. हेदरच्या आईला लोकांची सांत्वनपत्रं आली. हातात आलेले पैसे चित्रपटाच्या कमाईपुढे नगण्य. २०२४ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी, तिघांनी हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला जाहीर पत्र लिहून मागणी केली की आमच्या कामाचा योग्य मोबदला द्या, आणि पुढे आमची नावं, आमचे चेहरे वापरायचे असतील तर आम्हाला विचारा. चित्रपटात कॅमेरा त्यांनी धरला, संवाद त्यांनी रचले, भीती त्यांची खरी होती. करार मात्र दुसऱ्यांनी लिहिले होते.

एक खोली, एक दिवा

यानंतरचं झरझर सांगतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या फिल्म स्कूलमध्ये भेटलेले जेम्स वान आणि ली व्हॅनेल. २००३ साली त्यांनी पटकथेतला एकच प्रसंग, जबड्याला लावलेल्या लोखंडी सापळ्याचा, नऊ-दहा मिनिटांत चित्रित केला. नट म्हणून व्हॅनेल स्वतः. तो तुकडा घेऊन ते लॉस एंजेलिसला गेले आणि त्यातून 'सॉ' उभा राहिला: अठरा दिवसांचं चित्रीकरण, बराचसा चित्रपट एका घाणेरड्या बाथरूममध्ये, खर्च बारा लाख डॉलर आणि कमाई दहा कोटींवर.

२००९ साली 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'चा ट्रेलर आला. ओरेन पेली याने स्वतःच्याच घरात सात दिवसांत, पंधरा हजार डॉलरमध्ये तो चित्रित केला होता. ट्रेलरमध्ये चित्रपटापेक्षा जास्त लक्षात राहिले ते अंधाऱ्या थिएटरात बसलेले प्रेक्षक, खुर्चीत मागे सरकणारे, तोंडावर हात घेणारे. कॅसलची खुर्ची आठवली? तीच युक्ती, फक्त मोटार नाही.

आणि २०१३ साली स्वीडनमध्ये डेव्हिड सँडबर्गने एका स्पर्धेसाठी तीन मिनिटांहून छोटी 'लाइट्स आउट' केली. स्वतःचा फ्लॅट, घरातले दिवे, एकमेव नटी म्हणजे बायको लोटा लोस्टेन. दिवा बंद केला की आकृती दिसते, लावला की नाहीशी. एवढंच. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, आकृती असलेला आणि नसलेला शॉट घेऊन जोडायचे. तीन वर्षांनी हॉलिवूडने त्यावर पूर्ण चित्रपट काढला. दिग्दर्शक तोच सँडबर्ग, आणि निर्मात्यांमध्ये जेम्स वान!

मग आपल्या ट्रेलरचं काय?

या सगळ्यांत एक धागा दिसतो. प्रत्येकाने एकच नियम ठरवला आणि तो नीट पाळला. दिवा गेला की ती येते. चाललो तरी तिथेच. राक्षस कधीच दिसणार नाही. ट्रेलर दीड मिनिटाचा असतो, त्यात दहा संकेत कोंबले की त्याची भेळ होते. एक घ्या. तो कशासाठी जन्माला आला ते समजून घ्या. कॅमेरा हलवायचा असेल तर विचारा, हा कुणाचा डोळा आहे? उत्तर नसेल तर भिंतीला टेकवून स्थिर ठेवा.

आवाजावर वेळ द्या. फोनचा कॅमेरा आज रेमीच्या सुपर-८ पेक्षा किती तरी सरस आहे, पण फोनचा माइक पंख्याची घरघरही पकडतो. रात्री दोन वाजता गोधडीखाली बसून श्वास रेकॉर्ड करा, बघा फरक.

जागा आपली घ्या. अमेरिकन केबिन कुठे शोधताय? राही बर्वे यांच्या 'तुंबाड'ला नारायण धारपांच्या 'आजी' या कथेतून बीज मिळालं आणि पाऊस, वाडा, हाव सगळं इथलंच वापरलं. मुंजा आणि पिंपळ आदित्य सरपोतदारांनी २०२४ साली 'मुंज्या'तून थिएटरात आणले. बंद पडलेली गिरणी, शेवटची एसटी, पुरात बुडून उन्हाळ्यात वर येणारं धरणाखालचं देऊळ, हे आपल्याकडे फुकट आहे.

पण मंडळी, दोन गोष्टी मात्र नाही म्हणजे नाही. पहिली: 'बेपत्ता' म्हणून खोटे फोटो, खोट्या बातम्या फॉरवर्ड करू नका. १९९९ साली सनडान्समध्ये ती जाहिरात ठरली. आपल्याकडे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या रैनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. ती अफवासुद्धा मोबाईलवरच फिरत होती. ट्रेलरवर पहिल्या सेकंदाला 'काल्पनिक' लिहिल्याने भीती कमी होत नाही. 'सायको' काल्पनिक आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दुसरी: चेटकीण म्हणून गावातली एकटी म्हातारी दाखवायचा सोपा मोह टाळा. डाकीण ठरवून बायकांना मारहाण करण्याचे प्रकार नंदुरबारसारख्या भागात खरोखर झालेत, आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा करायला त्यासाठीच इतकी वर्षं लढावं लागलं. तो संकेत मोडण्यासारखाच आहे.

शेवटी, जे तुमच्यासाठी रात्रभर जिन्यावर पळतात, त्या मित्रांची नावं ट्रेलरच्या पाटीवर टाका. कुणाचा किती वाटा, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा, भले आज वाटणी फक्त वडापावची असो. थांबण्याचा एक परवलीचा शब्द ठरवा. आणि कॉपीराइटची ओळ विसरू नका. रोमेरोला विचारा, ती किती महाग पडते!

तुमच्या गावात लहानपणी कुठल्या जागेची भीती घातली जायची, ते आम्हाला नक्की कळवा. कुणी सांगावं, त्यातूनच एखादा ट्रेलर निघेल. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा, आणि जिन्यातला दिवा घालवण्याआधी एकदा मागे बघा. भेटू पुढच्या भागात!